लाइट स्वच्छ झाल्यावर

२९ मार्च, रविवार

सकाळी बहादरपूरच्या शेतातून गुलाबचा फोन. आमचा सालदार. एरवी मिस्ड कॉल देऊन मोकळा होतो, आज स्वतः बोलला म्हणजे काहीतरी झालंच होतं. काल संध्याकाळी आप्पांनी गाडी शेतात वळवताना डावं चाक ठिबकच्या कॉकवर घातलं. कॉक फुटला, पाणी बांधावरून वाहत राहिलं. "भाभीजी, मैं बाजू में खड़ा हाथ हिला रहा था. आप्पाजी को दिखाच नहीं."

आप्पांना विचारलं. पेपर चाळत होते. "लाइटच पिवळे पडले त्या गाडीचे. माझा काय दोष त्याच्यात?" आणि पान उलटलं. सासरे असं बोलले की पुढे बोलायची सोय नसते.

यांना इंदोरला फोन केला. "किल्ली काढून घे त्यांच्याकडून." म्हटलं, तुम्ही घ्या, वडील तुमचे आहेत. "अगं, पण तू तिथे आहेस ना." इथे आहे हाच माझा गुन्हा.

किल्ली काढून घे म्हणे. ज्या माणसानं ती माझ्या हातात ठेवली, त्याच्याकडून. पोळ्या राहिल्यात. बाकीचं उद्या.

३० मार्च

कालचं अर्धवट राहिलं ते.

लग्न होऊन आले तेव्हा गावातल्या लालबागच्या या गल्लीत एकही बाई गाडी चालवत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, सुनेला कशाला ही थेरं. आप्पांनी ऐकलं नाही. "घरात दोन माणसं चालवणारी पाहिजेत. अडीनडीला काय बैल जुंपू?" शेतातल्या गाडरस्त्यावर शिकवलं. मी स्टिअरिंग धरलं की ते शेजारी डोळे मिटून बसायचे. झोपलोय असं दाखवायचे, म्हणजे मी घाबरू नये. एकदा मी गाडी थेट केळीत घुसवली. डोळे न उघडता म्हणाले, "रिव्हर्सचा गियर मागे असते, बाई." बस. घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही, बुंधे मोडले ते वाऱ्यानं मोडले म्हणाले.

त्यांना कोणत्या तोंडानं म्हणायचं, किल्ली द्या?

२ एप्रिल, गुरुवार

आडतीवरून लवकर सुटले. केळीचा भाव पडला की शेठ चिडचिडा होतो आणि कॉम्प्युटरवाली बाई म्हणजे मी त्याला नजरेसमोर नको असते. माझा फायदा.

भर उन्हात गाडी नीट पाहिली. खरंच लाइट गेलेत की! काच कसली, प्लास्टिकच ते. पिवळट पडलंय, वरून दुधावर साय धरावी तसं. नखानं खरवडलं तर पांढरी भुकटी. आतला बल्ब दिसेना. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. म्हणजे आप्पांचं खरं असू शकेल.

संध्याकाळी ठरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे येतील, तोवर लाइट नीट करायचे. शेतात वीज संध्याकाळी सातला येते, तेव्हा मोटर सुरू करून कॉक फिरवायचे असतात. गुलाब ते करतोच, पण आप्पांना स्वतः उभं राहिल्याशिवाय बागेला पाणी मिळालंसं वाटत नाही. तर तोवर त्यांना मी घेऊन जायचं. आप्पा कबूल झाले, पण अट घालून. "लाइट स्वच्छ कर. त्याच्यावरही मले दिसलं नाही, तर मग बोल. मीच किल्ली देईन." माझ्या लेकीसमोर, पिंकीसमोर म्हणाले, फोनवर हे ऐकत होते. आता शब्द फिरवायचे नाहीत ते.

म्हणजे सगळं त्या दोन लाइटांवर आलं.

४ एप्रिल

आखाजीसाठी पितळी भांडी काढली. चिंच, राख, काथ्या. घागर घासता घासता म्हटलं, जो हात पितळेला चालतो तो प्लास्टिकला का चालू नये. उरलेल्या राखेनं डावा लाइट चांगला रगडला. वाळल्यावर बघते तर सायीवर ओरखड्यांचं जाळं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

आप्पा अंगणात बाजेवर. "देव घासून राहिली का वं गाडीतले?" आवाजावरून ओळखलं.

पिंकीची बारावी संपली, आता दिवसभर मोबाइल. इथली शाळा हिंदी, म्हणून बोलणंही हिंदी. "मम्मी, पहले देख तो लेती. सब टूथपेस्ट लगाते हैं." टूथपेस्ट लावली. गाडीच्या तोंडाला लवंगेचा वास येतो, बाकी जैसे थे.

७ एप्रिल

स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. म्हातारा दुकानदार, फोटो बघून म्हणाला, "भाभीजी, इस मॉडल का नया अब आता ही नहीं. घिसना पड़ेगा." घासायचे वॉटर पेपर दिले, जाडा, मधला, बारीक. रबिंगची, म्हणजे पॉलिशची डबी, लॅकरचा स्प्रे. बजावून सांगितलं, पेपर कोरडा चालवायचा नाही, पाणी हवंच. आणि शेवटी लॅकर मारायचं, नाही तर पावसाळ्यापर्यंत पुन्हा तसंच. "लॅकर मारके दिन भर हाथ मत लगाना. किसी को लगाने भी मत देना." मग फोटो पुन्हा बघितला. "ये राख किसने लगाई?"

म्हटलं, काय माहीत.

८ एप्रिल, बुधवार

सुरुवात केली. लाइटच्या कडेनं चिकटपट्टी लावली, रंग जाऊ नये म्हणून. जाडा पेपर भिजवून आडवा आडवा घासायचा. पिवळं पाणी ओघळतं, लिंबाच्या सरबतासारखं. बरंच घासलं. लाइट आधीपेक्षा पांढराफटक झाला. म्हटलं, आता पार वाटोळं झालं. दुकानदाराला फोन. "होने दो सफेद. बाद में खुलेगा."

पाणी घालायचं काम आप्पांनी मागून घेतलं. बाज ओढून गाडीजवळ आणली, हातात तांब्या. पेपर कोरडा पडला की माझ्याआधी त्यांना कळतं. "आवाज बदलला. थांब." पाणी पडतं. दोनदा लाइटवर पडायचं ते माझ्या मनगटावर पडलं. "आंघोळ घालता का मला?" म्हटलं. हसले. फार दिवसांनी आम्ही दोघं असे बसलो होतो. सासूबाई गेल्यापासून घरात कामापुरतंच बोलणं होतं. जाड्यानंतर मधला पेपर उभा चालवायचा, म्हणजे आधीचे आडवे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "वखराची पाळी आडवी-उभी देतो तसंच."

जेवताना चटणी पुन्हा तशीच ताटात. तीळ आणि शेंगदाण्याची, त्यांची आवडती. विचारलं तर, "तिखट सोसत नाही आताशा."

११ एप्रिल

डावा झाला. बारीक पेपर, मग रबिंग फडक्यानं गोल गोल. आणि एकदम उघडला. आत बल्ब, चकचकीत वाटी, सगळं. आत एक मेलेली मधमाशी आहे, कधीची अडकली कोण जाणे. मी ओरडलेच, पिंकी धावत आली. "मम्मी, तू तो प्रो है!"

आप्पांनी तळहात फिरवला त्याच्यावर. सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "काचेवानी लागते." मग म्हणाले, "आता दुसरा."

ते खूश होते. मी का नाही?

१३ एप्रिल, सोमवार

उजवा केला नाही. काल पण नाही. काल पाहुणे होते, आज हात दुखतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही निमित्त आहे.

पिंकी भांडी पुसताना सहज म्हणाली, "आजोबा मेसेज मेरे से पढ़वाते हैं. बोलते हैं चष्मा कुठे ठेवला. चश्मा तो नाक पे ही रहता है." मी तिला विचारलं कधीपासून. "पता नहीं. एग्ज़ाम के पहले से."

मोतीबिंदू तर दोन्ही डोळ्यांचे काढून झालेत. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते आता चिंता नाही. आप्पांना म्हटलं, जळगावला एकदा दाखवून येऊ. "लाइट झाल्यावर."

लाइट झाल्यावर. या घरात सगळं आता लाइट झाल्यावर. आणि मला वाटतं, ते होऊच नयेत. एक पिवळा आहे तोवर त्या पिवळ्याला बोल लावता येतो. तो स्वच्छ केला की मग मधे कोणी उरत नाही, ते आणि मी.

१४ एप्रिल

आप्पा चिडले. "दुसरा कधी?" वेळ नाही म्हटलं. "अर्धं काम ठेवू नये माणसानं. केळीला अर्धं पाणी देण्यापेक्षा न देलेलं बरं." तांब्या भरून बाजेजवळ ठेवलेला होता. सकाळपासून भरून ठेवला असणार.

त्यांचा विश्वास आहे की लाइट झाले की दिसेल. मला रडू आलं. आत जाऊन कणीक मळत बसले. इतकी मळली की पोळ्या लाटताना पसरेना.

१६ एप्रिल

उजवा सुरू. आज बोलणं कमी. ते पाणी घालतात, मी घासते. मधेच म्हणाले, "तुझी सासू म्हणे, तुमी तिले गाडी शिकवली, एक दिवस पोरगी निघून जाईन माहेरी तोंड वर करून." मी म्हटलं, गेले का? "नाही ना गेली. उलट मलेच घेऊन फिरते."

यांचा फोन. शनिवारी येतात. आल्यावर स्वतः आप्पांशी बोलणार, किल्ली घेणार, वेळ पडली तर गाडी विकून टाकणार. फोनवर माझा नवरा फार शूर आहे.

१८ एप्रिल, शनिवार

झाला. उजवाही झाला. दोन्ही शेजारी शेजारी बघितले आणि गाडी ओळखूच येईना, एकदम तरुण दिसायला लागली. आता फक्त लॅकर. उद्या उजाडताच मारते, दिवसभर ऊन आहे, वाळेल.

हे आले संध्याकाळच्या गाडीनं. लाइट बघून म्हणाले, "बाहेर किती घेतात याचे?" मी फडकं पिळून वाळत घातलं.

१९ एप्रिल, आखाजी

आज सगळं लिहिते. लिहिल्याशिवाय जमणार नाही.

उजाडताच दोन्ही लाइट पुसून लॅकर मारलं आणि गाडी अंगणात उन्हाला ठेवली. मग स्वयंपाक. पुरण, आमरस, सांजोऱ्या. आप्पांनी घागर भरली. त्यांच्या आईवडिलांची, सासूबाईंची. वर खरबूज ठेवलं. मग उंबरठा धुऊन पाटावर बसले. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. आप्पांच्या रेघा दरवर्षी कशा, डावीकडून उजवीकडे, सारख्या अंतरानं. यंदा पहिली मधेच, दुसरी तिच्यावर, तिसरी दोघींवर. उंबरठ्याची डावी बाजू कोरीच.

पिंकी म्हणाली, "आजोबा, सब एक के ऊपर एक आ रहा है."

"एका घरातले होते. राहतील दाटीवाटीनं." सगळे हसलो. मीही हसले.

मी परत पुरणाकडे. आखाजीला उंबरठ्याचं उरलेलं कुंकू आप्पा गाडीलाही लावतात, लग्न झाल्यापासून बघते आहे. तरी डोक्यात आलं नाही. लॅकर मारलंय, हात लावू नका, एवढं सांगायचं राहून गेलं. ओल्या लॅकरवर कुंकू, अशी चूक आमच्याच घरात होणार.

थोड्या वेळानं बाहेर गेले आणि बघितलं.

आप्पा गाडीसमोर उभे राहिले की उजव्या हाताला जो लाइट येतो त्याच्यावर मधोमध टिळा. गोल, नीट. डाव्या हाताला येतो तो चालवणाऱ्याच्या बाजूचा. तिथे बोट आधी जाळीवर टेकलेलं. मग बंपरवर. मग पत्र्याच्या कडेनं चाचपत वर आलेलं. लाइटवर पोचल्यावर लॅकरमध्ये त्याची सगळी वाट उमटली होती, कुठे थांबलं, कुठे मागे फिरलं, कुठे पुन्हा निघालं. टिळा शेवटी अगदी काठावर लागला होता. वीज गेल्यावर आपण भिंतीवरून काडेपेटी शोधतो तसा हात फिरला होता तो. आणि वर आखाजीचं ऊन.

मी तिथेच खाली बसले. आत पुरण लागल्याचा वास यायला लागला तरी उठवेना. त्यांना डावीकडचं दिसतच नाही. कॉक डावीकडे होता. गुलाबही डावीकडेच उभा असणार. पाणी माझ्या मनगटावर पडत होतं आणि मी थट्टा करत होते. लाइट पिवळे होते, खरंच होते, पण त्यांचा काही दोष नव्हता.

जेवायला वाढताना आप्पांच्या ताटात चटणी उजवीकडे वाढली, भाजीशेजारी. डाव्या बाजूचं उजवीकडे वाढलं म्हणून सासूबाईंनी घागरीतून हात काढून टोकलं असतं मला. आप्पांनी चटणी पुसून खाल्ली. म्हणाले, "चांगली झाली वं चटणी. लय दिवसांनी केली."

रोज करते मी.

दुपारी यांना गाडीजवळ नेलं, लाइट दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच, "आज नको बोलायला. सणाचा दिवस आहे." आणि उद्या? "उद्या सकाळची बस आहे ना मला." मी रागावणार होते, पण त्यांचा चेहरा बघून राग आला नाही. वडिलांच्या बोटाची ती वाट त्यांनीही वाचली होती. म्हटलं, जा तुम्ही. मी बोलते. किल्ली त्यांनी मला दिली होती. तुम्ही तर कॉलेजात असताना चोरूनच न्यायचात.

२० एप्रिल, सोमवार

हे गेले.

लॅकर कडक वाळलं. बोटाची वाट त्याच्यात तशीच, लालसर. पिंकी म्हणते, फिर से घिस दे. नाही घासणार.

दिवसभर शब्द जुळवत होते. आप्पा, रागावू नका. आप्पा, डॉक्टर म्हणतील तसं. आडतीवर बसून मनातल्या मनात. एकही धड नाही.

अंधारून आलं तसे आप्पा स्वतःच म्हणाले, "चल, लाइट पाहू." गाडी समोरच्या पॉवरलूमच्या शेडकडे तोंड करून उभी केली. शेडची मागची भिंत पांढरी आहे. आत माग चालू होते, खटखट. आप्पा माझ्या दाराजवळ उभे राहिले. मी लाइट लावले.

काय उजेड! भिंतीवरची एकेक वीट दिसली, पालीसुद्धा. दोन मोठे गोल, शेजारी शेजारी, उजव्याच्या कडेला कुंकवाची फिकट सावली. माझ्या हातांनी केलेलं होतं ते. अभिमान वाटायला हवा होता.

आप्पा बघत होते. बराच वेळ. मी वाट बघत होते की म्हणतील, दिसलं.

"दोन्ही लागले ना वं?" त्यांनी विचारलं.

माझा हात बटणाकडे गेला. लाइट बंद करून टाकावेत, म्हणावं एकच लागला, वायर सैल आहे, उद्या बघू. जिभेवर आलं होतं. त्यांना आणखी एक दिवस मिळाला असता. मलाही.

"हो आप्पा. दोन्ही लागलेत."

आप्पांनी मान थोडी डावीकडे वळवली, मग आणखी वळवली. तेव्हा दिसला असावा दुसरा गोल, कारण थांबले. खिशात हात घालून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला.  मग बॉनेटवर हात टेकवत गाडीच्या पुढून निघाले. दोन्ही लाइटांवरून तळहात गेला. पलीकडे जाऊन शेजारचं दार उघडलं, बसले.

"आज तू चालव. सातची वीज येईल."

रस्त्याला लागल्यावर त्यांनी डोळे मिटले. पूर्वी बसायचे तसे. मला इतका स्वच्छ रस्ता कधी दिसला नव्हता आणि नीट बघता येत नव्हता, सारखे डोळे पुसत होते. त्यांना ते कळलं असणार. थोड्या वेळानं डोळे न उघडता म्हणाले, "काय काय दिसते सांग."

सांगत गेले. डाव्या हाताला कुणाच्यातरी बागेला हिरवी नेट बांधलीय. डावीकडे केळीची ट्रॉली उभी आहे, मागे लाल फडकंसुद्धा नाही. "गाढव आहे," आप्पा म्हणाले. डावीकडे एक बाई शेळ्या घेऊन चाललीय. आता पाटाचा पूल. आता आपला बांध. आता कॉक, नवीन बसवलाय गुलाबनं, लांबून घेते गाडी. "घे."

घरी येऊन किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर लावली. त्यांच्यासमोर. बघत होते की नाही माहीत नाही.

आज तू चालव म्हणाले. आज म्हणाले.

२१ एप्रिल, मंगळवार

जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गुरुवारचा नंबर लावला. आप्पांना सांगितलं. "पाहू." ना हो, ना नाही. लाइट झाल्यावर म्हणाले होते याची आठवण मी दिली नाही.

सकाळी चहाच्या वेळी नीट बोलायचं ठरवलं होतं. ते पिंकीकडून पेपर वाचून घेत होते. उघडपणे, चष्मा शोधायचं नाटक न करता. मी ते ऐकत बसले आणि आडतीवर जायची वेळ झाली.

दुपारी घरी आले तर खिळा रिकामा. किल्ली नाही. पिंकीनं घेतली नाही. फ्रिजवर, देव्हाऱ्याजवळ, सगळीकडे बघितलं. मग अंगणात गेले. गाडी जागेवर होती. आप्पा बाजेवर उताणे, सदऱ्याचा खिसा फुगलेला आणि किल्लीला बांधलेला बैलाच्या माळेतला घुंगरू बाहेर आलेला. खिशावर हात.

डोळे मिटलेले होते. झोपले होते की तसं दाखवत होते, ते या माणसाचं मला कधीच ओळखता आलेलं नाही.

उठवलं नाही. चहा ठेवलाय. सातला शेतात वीज येईल. त्याच्या आधी किल्ली मागावी लागेल.